फायनान्समधली नोकरी आणि स्वतःचे शेअर्स: परवानगीच्या चौकटीत राहून काय जमतं

प्रश्न थोडक्यात असा. वय २७, मूळ सांगलीचे. मुंबईत एका ब्रोकिंग आणि मर्चंट बँकिंग (कंपन्यांच्या भांडवल उभारणीचे, विलीनीकरणाचे व्यवहार जुळवणाऱ्या) कंपनीच्या रिसर्च विभागात नुकतीच नोकरी लागली आहे. कॉलेजपासून शेअर्सची खरेदी-विक्री करतात, अधूनमधून ऑप्शन्सही (ठरलेल्या भावाने पुढे शेअर घेण्या-विकण्याच्या हक्काचे सौदे). रुजू होताना आचारसंहितेवर सही केली आणि आता कळलं की प्रत्येक सौद्याआधी परवानगी लागणार. वडिलांचं डीमॅट खातं यांच्याच मोबाइलवरून चालतं. बायको पुण्यातल्या एका लिस्टेड आयटी कंपनीत आहे, तिला इसॉप (कंपनीचे शेअर्स ठरलेल्या भावाने घेण्याचा कर्मचाऱ्याचा हक्क) मिळालेत. ‘हे सगळं बंदच करायचं, की काही मार्ग आहे?’

बंद करायची गरज नाही. मात्र आजवर जसं चाललं तसं पुढे चालणार नाही. परवानगीचे अर्ज ज्या टेबलावर येतात त्या टेबलामागे, म्हणजे कंप्लायन्समध्ये (नियम पाळले जातात का ते बघणाऱ्या विभागात), माझी बरीच वर्षं गेली. तिथून एक गोष्ट लख्ख दिसते. अडकणारी माणसं क्वचितच लबाड असतात. बहुतेक जण ‘यात काय एवढं’ म्हणून अडकतात. त्यामुळे माझा पहिला सल्ला परवानगी कशी मिळवावी याबद्दलचा नाही. आपल्या घरच्या पैशाची घडी अशी बसवा की परवानगी मागायची वेळच वर्षातून फार तर दोन-चारदा यावी.

आधी तुमच्यावर नक्की कोणकोणते नियम लागू आहेत ते बघू, कारण इथेच गोंधळ होतो. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी, तिचे इनसायडर ट्रेडिंगविरोधी (आतल्या माहितीवर केलेल्या सौद्यांविरुद्धचे) नियम २०१५ चे. ते १५ मे २०१५ पासून लागू आहेत. त्यात लिस्टेड कंपन्यांसाठी एक आचारसंहिता आहे आणि ब्रोकर, मर्चंट बँकर, ऑडिटर, वकील अशा मध्यस्थांसाठी दुसरी. तुमची कंपनी मध्यस्थ आहे, म्हणून दुसरी लागू. ती स्वतःही शेअर बाजारात लिस्टेड असेल तर पहिलीसुद्धा लागू. शिवाय तुम्ही रिसर्चमध्ये आहात, त्यामुळे २०१४ चे रिसर्च अ‍ॅनालिस्टचे नियम वेगळे. आणि या सगळ्यावर कंपनीचं स्वतःचं धोरण, जे कायद्यापेक्षा कडक असू शकतं आणि बहुधा असतंच. ‘कायद्यात तर असं कुठे लिहिलंय’ हा युक्तिवाद एचआरपुढे टिकत नाही, कारण सही तुम्ही धोरणावर केलेली असते.

तुमच्या बाबतीत सर्वांत जास्त आवळणारा नियम रिसर्चचा आहे. ज्या शेअरवर तुम्ही अहवाल लिहिता किंवा ज्याचा तुम्ही नियमित अभ्यास करता, त्यात अहवाल प्रसिद्ध होण्याआधी ३० दिवस आणि नंतर ५ दिवस तुम्हाला व्यवहार करता येत नाही. अहवालात ‘घ्या’ म्हटलं असेल तर स्वतः विकता येत नाही. हिशेब करून बघा. दर तिमाहीला निकालानंतर एक अहवाल, मध्येच एखादी अपडेट, म्हणजे व्यवहाराला मोकळे दिवस जेमतेम उरतात. त्यातही अहवाल कधी निघणार हे ३० दिवस आधी तुम्हालाच ठाऊक नसतं. म्हणून ज्या क्षेत्राचं काम तुमच्याकडे आहे, त्या क्षेत्रातले शेअर्स स्वतःसाठी घ्यायचेच नाहीत, असं सरळ ठरवून टाका. केमिकल्स बघत असाल तर केमिकल्स विसरा. आधीपासून हातात असलेले शेअर्स पहिल्याच आठवड्यात लेखी कळवा आणि त्यांचं काय करायचं ते कंप्लायन्सलाच विचारा. त्याच क्षेत्रातल्या कंपनीचे अनलिस्टेड शेअर्स आयपीओआधी घेणंही रिसर्चवाल्यांना मना आहे. हल्ली अनलिस्टेड शेअर्सचा बाजार व्हॉट्सअ‍ॅपवर भरतो, म्हणून मुद्दाम सांगतो.

आता प्री-क्लिअरन्स, म्हणजे सौद्याआधीची परवानगी. अर्जात शेअरचं नाव, संख्या, खरेदी की विक्री, कोणत्या डीमॅटमधून, एवढंच असतं. खाली एक वाक्य असतं, ते कुणी वाचत नाही: माझ्याकडे या कंपनीबद्दल कोणतीही अप्रकाशित, भावावर परिणाम करणारी माहिती नाही. अर्जातली सर्वांत महत्त्वाची ओळ ती. परवानगी मिळाली म्हणजे सौदा निर्दोष ठरला असं होत नाही. उद्या तुमच्याकडे माहिती होती असं निघालं, तर कंप्लायन्सची मंजुरी ढाल म्हणून चालणार नाही. उलट खोटं प्रतिज्ञापत्र दिल्याचा मुद्दा वाढेल.

परवानगी जास्तीत जास्त सात ट्रेडिंग दिवस टिकते. अनेक कंपन्या दोनच दिवस देतात, काही तर त्याच दिवसापुरती देतात. इथे जीटीटी ऑर्डर (ठरवलेला भाव आला की आपोआप सुटणारी) घात करते. सोमवारी परवानगी मिळाली, भाव जरा वर हवा होता म्हणून माणूस जीटीटी लावून ठेवतो आणि विसरून जातो. दहाव्या दिवशी भाव तिथे पोचतो, ऑर्डर आपोआप सुटते. विकणारा तेव्हा मीटिंगमध्ये असतो. संध्याकाळी काँट्रॅक्ट नोट, म्हणजे ब्रोकरकडून सौद्याची पावती, येते, महिनाअखेरीला ती आमच्या सिस्टिमला जुळत नाही आणि खुलासा मागणारी मेल जाते. नोकरीत आहात तोवर जीटीटी, एसआयपीसारखी आपोआप शेअर घेणारी सोय आणि ‘बास्केट’ (एका क्लिकवर अनेक शेअर्सच्या ऑर्डर्स) हे सगळं थेट शेअर्ससाठी बंद ठेवा. आणखी एक: परवानगी घेतली आणि सौदा केलाच नाही, तर तेही कारणासह कळवायचं असतं. हे जवळपास कुणीच करत नाही.

अर्ज नामंजूर होतो तेव्हा काय करायचं, यावर थोडं थांबतो, कारण इथे हुशार माणसंही चुकतात. मध्यस्थ कंपन्यांना एक ‘रिस्ट्रिक्टेड लिस्ट’ ठेवावी लागते. कंपनी एखाद्या विलीनीकरणावर, क्यूआयपीवर (मोठ्या संस्थांना शेअर्स विकून भांडवल उभारणं), ओपन ऑफरवर (ताबा घेणाऱ्याने भागधारकांना दिलेला शेअर्स खरेदीचा प्रस्ताव) काम करत असेल तर तो शेअर या यादीत जातो. यादी गुप्त असते. कंप्लायन्स अधिकारी तिच्यावरून अर्ज मंजूर किंवा नामंजूर करतो आणि कारण सांगत नाही. आता विचार करा: कारण न देता आलेला नकार हीसुद्धा एक माहितीच झाली. तुम्ही कँटीनमध्ये बोललात की ‘अरे, मला अमुक शेअरला नाही म्हणाले’, तर समोरच्या चाणाक्ष माणसाला जे कळायचं ते कळतं. त्याने त्यावर सौदा केला, तर धागा तुमच्यापर्यंत येतो. नकार आला की तो गिळायचा. मित्राला सांगायचा नाही, टीमच्या ग्रुपवर हसणारी इमोजी टाकायची नाही, आणि ‘का बरं?’ असं विचारायला कंप्लायन्सच्या केबिनमध्येही जायचं नाही. आम्हाला सांगता येत नाही. विचारल्यावर आमचा चेहरा बघून अंदाज बांधणारे लोक असतात, म्हणून आम्ही अशा वेळी फोनही टाळतो.

हेच तुमच्या घरात कसं येईल ते बघा. कायद्याच्या भाषेत ‘जवळचे नातेवाईक’ म्हणजे पती किंवा पत्नी, आणि शिवाय तुमचे किंवा जोडीदाराचे आई-वडील, भावंडं, मुलं, यांपैकी जे आर्थिकदृष्ट्या तुमच्यावर अवलंबून आहेत किंवा शेअर्सचे निर्णय तुम्हाला विचारून घेतात ते. बायको स्वतः कमावते म्हणून ती यातून सुटत नाही. तिच्या इसॉपच्या शेअर्सची विक्री हा तुमच्याही आचारसंहितेचा विषय आहे. आणि ती तिच्या कंपनीत डेझिग्नेटेड पर्सन (आतली माहिती हाती येऊ शकते म्हणून कंपनीने आचारसंहितेखाली नोंदवलेली व्यक्ती) असेल, तर तिच्या कंपनीच्या नोंदीत तुमचं नाव, पॅन, फोन नंबर गेलेला असेल. म्हणजे एका घराला दोन आचारसंहिता.

तिच्या कंपनीची ट्रेडिंग विंडो, म्हणजे आतल्यांना शेअर्सच्या व्यवहाराला मोकळा असलेला काळ, प्रत्येक तिमाही संपली की बंद होते आणि निकाल जाहीर झाल्यावर ४८ तासांनी उघडते. त्या काळात तिने तिच्या कंपनीचे शेअर्स घ्यायचे-विकायचे नाहीत आणि तुम्हीही नाहीत. हे आता माणसाच्या भरवशावर ठेवलेलं नाही. २०२२ पासून सेबीने डेझिग्नेटेड व्यक्तींचे पॅन त्या एका शेअरपुरते गोठवायला सुरुवात केली, आधी सेन्सेक्स-निफ्टीतल्या कंपन्यांसाठी, मग बाकीच्यांसाठी. २०२५ मध्ये ही सोय जवळच्या नातेवाइकांपर्यंत नेण्याचं परिपत्रक आलं. ऑर्डर टाकलीत तर ती नाकारली जाते. मला विचाराल तर हे उत्तम झालं. ‘लक्षातच राहिलं नाही’ या सबबीचे निम्मे खुलासे वाचायचे वाचले.

इसॉपमध्ये दोन टप्पे वेगळे धरा. ऑप्शन एक्सरसाइझ करून शेअर्स खात्यात घेणं विंडो बंद असतानाही चालतं. ते शेअर्स बाजारात विकणं मात्र विंडो उघडी असताना आणि परवानगी घेऊनच. मग येतो काँट्रा ट्रेड: एकदा घेतलं की सहा महिने विकायचं नाही, विकलं की सहा महिने घ्यायचं नाही. इसॉपच्या शेअर्सना विक्रीच्या बाजूने सवलत आहे, पण विकल्यावर तीन महिन्यांनी ‘भाव पडलाय, थोडे घेऊ’ म्हणून तुम्ही तुमच्या खात्यातून तिच्या कंपनीचे शंभर शेअर्स घेतलेत, तर तो काँट्रा ट्रेड म्हणून समोर येऊ शकतो. झालेला नफा सेबीच्या गुंतवणूकदार संरक्षण निधीत जमा करावा लागतो. तोटा झाला तर तो तुमचाच. खरी अडचण असेल, म्हणजे घरात आजारपण किंवा घराचा हप्ता, तर कंप्लायन्स अधिकारी कारणं लेखी नोंदवून काँट्रा ट्रेडच्या बंधनातून सूट देऊ शकतो. सौदा करण्याआधी विचारा, नंतर नव्हे.

आता दोन संहितांची टक्कर. समजा तिच्या कंपनीने तिला विक्रीची परवानगी दिली. घराच्या डाउन पेमेंटसाठी पैसे हवेत, बिल्डरची तारीख ठरली आहे. तुम्ही तुमच्याकडे अर्ज टाकला आणि नामंजूर झाला. कदाचित तुमच्या कंपनीचा मर्चंट बँकिंग विभाग तिच्याच कंपनीच्या एखाद्या व्यवहारावर बसला असेल, कदाचित दुसरंच काही असेल. तुम्हाला माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचंही नाही. पण घरी काय सांगणार? ‘आत्ता विकता येणार नाही’ एवढंच. ‘आमच्याकडे नाही म्हणाले’ हेसुद्धा नको, कारण ती त्याच कंपनीत काम करते आणि त्या वाक्याचा अर्थ तिला तुमच्यापेक्षा जास्त लागेल. संसारात हे अवघड आहे, मान्य. म्हणूनच तिच्या इसॉपवर कोणत्याही मोठ्या खर्चाची तारीख बांधू नका. विंडो उघडली, दोन्हीकडची परवानगी मिळाली की गरज नसली तरी ठरलेला हिस्सा विकून एफडीत किंवा लिक्विड फंडात ठेवा. भाव बघत बसलात तर ज्या महिन्यात पैसे लागतील नेमक्या त्याच महिन्यात दार बंद असेल. शेअर्स तारण ठेवून कर्ज घेऊ म्हणाल, तर तारण ठेवणं हाही या नियमांत व्यवहारच आहे आणि त्यालाही परवानगी लागते.

वडिलांचं खातं. तुम्ही लिहिलंय की ‘ते पेन्शनवर स्वतंत्र आहेत, पैसे त्यांचेच आहेत’. पैसे कुणाचेही असोत, ऑर्डर तुमच्या बोटाने जाते. म्हणजे निर्णय तुम्हाला विचारून होतात, किंबहुना तुम्हीच घेता. मग ते जवळचे नातेवाईक ठरले आणि त्यांच्या प्रत्येक सौद्याला तुमचीच बंधनं लागली. दोन सरळ रस्ते आहेत. एक, खातं जाहीर करायचं आणि त्यातल्या सौद्यांनाही परवानगी घ्यायची. दोन, खातं खरोखर त्यांच्या हाती द्यायचं: पासवर्ड बदला, तुमचा मोबाइल नंबर आणि ईमेल काढून त्यांचा टाका, सांगलीतल्या त्यांच्या ब्रोकरकडे जाऊन त्यांना ऑर्डर देऊ दे. ‘खरोखर’ म्हणजे खरोखर. रविवारी फोनवर ‘बाबा, ते जरा काढून टाका’ म्हणालात की तुम्ही पहिल्या रस्त्यावर आलात. हिंदू अविभक्त कुटुंबाचं खातं असेल आणि कर्ता तुम्ही असाल, तर तेही जाहीर करा.

सख्खा भाऊ वेगळा राहतो, स्वतः कमावतो, स्वतःच्या अकलेने ट्रेडिंग करतो, तर तो आचारसंहितेच्या व्याख्येत येत नाही. पण त्याला माहिती देणं हा वेगळा गुन्हा आहे, तिथे व्याख्या आड येत नाही. बलराम गर्ग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं की केवळ नातं आहे म्हणून माहिती दिली असं धरता येत नाही, पुरावा हवा. हे वाचून निर्धास्त होऊ नका. डिसेंबर २०२४ मध्ये सेबीने ‘कनेक्टेड पर्सन’च्या (कंपनीशी संबंधामुळे आतली माहिती मिळू शकते असं मानलेल्या व्यक्तीच्या) व्याख्येत नातेवाइकांचं वर्तुळ रुंद केलं, सासू-सासरे, मेहुणे यांच्यासकट. आपला संबंध नव्हता हे दाखवण्याचा भार अशा वेळी त्या नातेवाइकावर येतो. खटला जिंकणं वेगळं आणि चार वर्षं डीमॅट गोठलेलं राहणं वेगळं.

ऑप्शन्सबद्दल थोडक्यात: सोडा. बहुतेक वित्त कंपन्या कर्मचाऱ्यांना इंट्राडे (त्याच दिवशी घेऊन विकणं) आणि डेरिव्हेटिव्ह्ज (फ्यूचर्स, ऑप्शन्स) पूर्ण बंद ठेवतात. एखादीने परवानगी दिलीच, तर स्वतःच्या कंपनीच्या किंवा बायकोच्या कंपनीच्या शेअरच्या फ्यूचर्सना हात लावू नका. मुदतीआधी पोझिशन बंद करणं हाच काँट्रा ट्रेड मानला जातो, हे सेबीने प्रश्नोत्तरांत स्पष्ट केलंय. शिवाय सेबीच्याच सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासात, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओमध्ये, म्हणजे फ्यूचर्स-ऑप्शन्समध्ये, उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के तोट्यात होते. कंपनीने तुमचं हे दार बंद केलं तर वाईट वाटून घेऊ नका, ज्यांच्यासाठी ते उघडं होतं त्यांचं काय झालं ते बघा.

मग करायचं काय? इंडेक्स फंड, म्युच्युअल फंडाच्या एसआयपी, पीपीएफ, एनपीएस, सोनं, सरकारी रोखे. बहुतेक धोरणांत यांना परवानगी लागत नाही. लागते का ते एकदा तुमच्या धोरणात वाचून घ्या, कारण म्युच्युअल फंड कंपनीत काम करणाऱ्यांसाठी चित्र वेगळं आहे. १ नोव्हेंबर २०२४ पासून म्युच्युअल फंडाची युनिट्सही इनसायडर ट्रेडिंगच्या नियमांखाली आली आहेत. २०२० च्या एप्रिलमध्ये फ्रँकलिन टेम्पल्टनच्या सहा डेट योजना बंद झाल्या, त्याआधी आतल्या लोकांनी पैसे काढल्याचा वाद झाला, त्यानंतर हा बदल अपेक्षितच होता. तुम्ही ब्रोकिंगमध्ये आहात, तुम्हाला फंडांचा रस्ता जवळपास मोकळा आहे. थेट शेअर्सची हौस असेल तर कंपन्या मोजक्या ठेवा, तुमच्या अभ्यासाच्या क्षेत्राबाहेरच्या, आणि तीन-चार वर्षं हात लावणार नाही अशा. धोरणात होल्डिंग पीरियड (शेअर किमान किती दिवस ठेवायचा ती मुदत) ३० दिवसांचा असो की ९० दिवसांचा, अशा गुंतवणुकीला तो जाचत नाही.

एखादं खातं सांगायचंच नाही, असा विचार मनात आला असेल तर तो आत्ताच काढून टाका. एनएसडीएल-सीडीएसएल या डीमॅट खाती सांभाळणाऱ्या संस्थांचं एकत्रित स्टेटमेंट पॅनवर निघतं, त्यात तुमची सगळी डीमॅट खाती आणि फंड एका कागदावर येतात. अनेक कंपन्या वर्षातून एकदा तेच मागतात. सख्ख्या भावाच्या नावावर चालवलेली खाती फोनच्या नोंदी आणि बँकेतल्या पैशाच्या वाटेवरून उघडी पडतात. म्युच्युअल फंडांच्या डीलरांची फ्रंट-रनिंगची (फंडाच्या मोठ्या ऑर्डरआधी स्वतःचा सौदा उरकण्याची) जी प्रकरणं सेबीने काढली, त्यात खाती दुसऱ्यांच्याच नावावर होती. आणि बक्षिसाची योजनाही आहे: इनसायडर ट्रेडिंगची पक्की खबर देणाऱ्याला सेबी १० कोटी रुपयांपर्यंत देऊ शकते. दंडाची बाजू अशी की किमान १० लाख, कमाल २५ कोटी किंवा नफ्याच्या तिप्पट, यातली जी रक्कम मोठी ती. कंपनी तिच्या पातळीवर पगारवाढ रोखते, निलंबित करते, आणि उल्लंघन स्टॉक एक्सचेंजला कळवते. लहान चूक असली तरी ती नोंद राहते आणि पुढच्या कंपनीच्या फॉर्ममध्ये ‘पूर्वी कधी कारवाई झाली आहे का’ हा रकाना असतो.

ऐरोली, पवई, खराडीच्या विदेशी बँकांच्या केंद्रांत काम करणाऱ्यांसाठी जाता जाता: ‘मी तर फक्त रिपोर्ट्स बनवतो, माझा अमेरिकेतल्या डीलशी काय संबंध’ असं म्हणू नका. तिथलं जागतिक धोरण तुम्हालाही लागतं, ठरावीक ब्रोकरकडेच खातं ठेवायला सांगतात, आणि तुमच्या स्क्रीनवर ग्राहकाचं नाव दिसत असेल तर संबंध आहेच.

शेवटी नोकरी सोडण्याचं. राजीनामा दिला, लॅपटॉप परत केला म्हणजे मोकळं झालो असं नाही. आधीच्या सहा महिन्यांतला संबंधही कायदा धरतो. सोडताना कंप्लायन्सकडून लेखी विचारून घ्या की कोणत्या शेअर्सपासून किती दिवस लांब राहायचं, आणि ती मेल ऑफिसच्या नव्हे, स्वतःच्या पत्त्यावर मागवा. मिळालेल्या प्रत्येक परवानगीची आणि प्रत्येक काँट्रॅक्ट नोटची प्रतही जपून ठेवा. कंपन्यांना अप्रकाशित माहिती कुणाकुणाला दिली याचा डिजिटल डेटाबेस किमान आठ वर्षं ठेवावा लागतो. त्यांच्याकडे तुमची नोंद तेवढी वर्षं राहणार, तुमच्याकडेही राहू द्या.